जोडीनं शिवलेलं पोतं

ते पोतं आजही माझ्या नजरेपुढून हलत नाही. नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली. विहिरीतली, रुळांवरची, लॉजच्या खोलीतली. त्यांचे चेहरे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. त्या पोत्याचं तोंड मात्र मला टाक्याटाक्यानं पाठ आहे.

आठवण निघाली ती टीव्हीमुळे. निवृत्त झाल्यापासून आम्ही नागपुरात सदरला राहतो आणि संध्याकाळी सौ. जे लावेल ते मी मुकाट पाहतो. सध्या तिची खऱ्या गुन्ह्यांवरची एक मालिका चालू आहे. दर भागात एक जोडपं, आणि दोघांनी मिळून केलेला एक खून. मला त्यातला तपास पाहून हसू येतं. तिथल्या अधिकाऱ्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही आणि टेबलावर एकही फाईल नसते. परवा भाग संपल्यावर सौ.नं आवाज बंद केला आणि म्हणाली, "ते पोत्याचं प्रकरण तुम्ही कधी लिहिलं नाही."

मी म्हटलं, "त्यात माझी शोभा होते."

"म्हणूनच लिहा," ती म्हणाली.

म्हणून लिहितो आहे. नाव कोणाचंच देणार नाही. जे गेले ते गेले, जे तुरुंगात आहेत ते तिथे आहेत, आणि जो बाहेर आहे त्याला मी आधीच पुरेसा त्रास दिलेला आहे.

मे महिना होता. नागपूरचा मे ज्यानं काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं बंद, कूलर सुरू, आणि कूलरच्या घरघरीत शेजारच्या घरात कोणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. मी तेव्हा शहराच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. माझ्या हद्दीत धान्यबाजाराच्या मागे एक वस्ती होती, तिथे घरोघरी बारदान्याचं काम चाले. व्यापाऱ्यांकडची फाटकी पोती आणायची, ठिगळं लावायची, घड्या करून एका मोठ्या पोत्यात भरायची आणि त्याचं तोंड सुतळीनं शिवून गठ्ठा परत पाठवायचा. दाभण आणि सुतळी नाही असं घर त्या वस्तीत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी त्या वस्तीतलं एक जोडपं ठाण्यात आलं. पस्तिशीचा नवरा, तिशीची बायको. घरमालकीण दुपारपासून बेपत्ता आहे अशी त्यांची तक्रार होती. घरमालकीण म्हणजे सत्तरीची एक विधवा, मूलबाळ नसलेली. दोन खोल्या आणि पुढे अंगण, एवढं तिचं घर. एका खोलीत ती राहायची, दुसरीत हे भाडेकरू. नवरा मूळचा कामठीचा, तिथे मागावर कामाला होता. माग बंद पडला तसा बायकोला घेऊन इथे आला आणि बारदान्याच्या कामाला लागला. सहा वर्षांत दोघं म्हातारीला आई म्हणू लागले होते. ठाणे अंमलदारानं मिसिंगची नोंद केली, फोटो घेतला. बाई डोळे पुसत होती आणि नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मला ते बघून बरं वाटलं, हे कबूल करतो. ठाण्यात येणारी बहुतेक जोडपी एकमेकांच्या विरोधात आलेली असतात.

दुसऱ्या दिवशी हजेरी संपते न संपते तोच नाला साफ करणाऱ्या माणसांनी कळवलं की काठावर एक शिवलेलं पोतं पडलं आहे आणि वास येतो आहे.

पोत्यात म्हातारी होती. डोक्याला मागे जखम. अंगाभोवती एका पुरुषाचा गमछा गुंडाळलेला.

माझ्याबरोबर ठाण्याचा रायटर हवालदार होता. नोकरीची दोनच वर्षं उरलेला, अक्षर मोत्यासारखं आणि हात गोगलगाईचा. त्यानं पोत्याचं तोंड उघडलं नाही. बाजूनं, खालून, कात्रीनं सावकाश कापत गेला. डोक्यावर ऊन तापलेलं, भोवती गर्दी वाढत होती. मी त्याला म्हणालो, "अहो, नक्षीकाम काय करता? तोंड कापा आणि मोकळे व्हा."

"साहेब, गाठ सोडाची नसते," तो म्हणाला. "माह्या पहिल्या साहेबानं शिकवलं होतं. गाठ हे माणसाच्या हाताची सही असते."

नंतर पंचनाम्यातही त्यानं लिहिलं, 'पोत्याचे तोंड सुतळीने दोन्ही टोकांकडून शिवत आणून मधोमध एकच चपटी गाठ मारलेली असून टाके एकसारखे आहेत.' मी ते वाचलं आणि सही केली. वाचलं म्हणजे डोळ्यांखालून घातलं. अधिकाऱ्याच्या वाचण्याचे असे दोन प्रकार असतात.

जोडप्याला ओळख पटवायला बोलावलं. बाई तिथेच बसली. वस्तीतल्या चार बायका तिला सावरत होत्या. "नको रडू वं, पोटच्या लेकरानं केलं नसतं तेवढं तुम्ही केलं," असं एक म्हणाली. जबाब घेताना ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. लक्ष्मीनारायणाचा जोडा, कधी भांडण नाही, म्हातारीच्या पायाला तेल लावून देत.

मग माझा खबऱ्या आला. त्याची पानाची टपरी होती आणि टपरीपुढून जाणारं सगळं जग त्याच्या हिशेबात असे. त्यानं सांगितलं की म्हातारीचा एक भाचा आहे, तिच्या भावाचा मुलगा. रंगकाम करतो, पण कामापेक्षा दारू जास्त. तीन दिवसांपूर्वी आत्याच्या दारात उभा राहून 'तुले पाहून घेतो' म्हणून ओरडत होता. आणि राहतो कुठे, तर त्याच नाल्याच्या मागच्या झोपड्यांत.

गमछा त्याचा निघाला. भांडण चार जणांनी ऐकलेलं. त्या दुपारी कुठे होतास, तर सांगता येईना. मी त्याला अटक केली, सात दिवसांची पोलीस कोठडी मिळाली आणि वरिष्ठांचा शाबासकीचा फोनही आला.

आता माझी शोभा सुरू होते.

भाचा चाळिशीचा होता, दिसायला पन्नाशीचा. पहिले दोन दिवस तो एकच सांगत राहिला. आत्यानं त्याला दारू सोड म्हटलं, त्यावरून भांडण झालं, दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गेला, तिनं जेवू घातलं आणि घरी राहायला ये म्हणाली. गमछा तिथेच राहिला. त्या दुपारी तो आनंदात म्हणून प्यायला, आणि पुढचं आठवत नाही.

"आनंदात?" मी विचारलं.

"हाव साहेब. सोमवारपासून दारू बंद कराची होती. मनलं, आज शेवटची."

मी हसलो. दारूड्याची शेवटची बाटली मी नोकरीत शेकडो वेळा ऐकली होती. मी त्याच्यावर आवाज चढवला, झोपू दिलं नाही, आणि एकदा हातही उचलला. हे आढेवेढे न घेता सांगतो, कारण एवढं वगळून बाकीचं लिहिलं तर लिहायला अर्थ नाही. मी त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारत होतो. गमछा तुझा. भांडण तुझं. नाला तुझ्या दाराशी. आठवत नाही म्हणतोस, मग नाही मारलं हे तरी तुला कसं ठाऊक?

चौथ्या दिवशी तो रडायचा थांबला. भिंतीकडे पाहत म्हणाला, "म्याच मारलं असन, साहेब. दारूत माणसाले काय समजते. मले याद नाही, पण तुम्ही मनता तं म्याच असन."

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरालाही माहीत असतं. म्हणून मी त्याला विचारलं, दंडाधिकाऱ्यांपुढे सांगशील का? तो हो म्हणाला. कोठडी संपायला तीन दिवस होते. त्याला कोर्टात हजर करायचं, दंडाधिकाऱ्यांपुढे कबुलीजबाबासाठी अर्ज द्यायचा, असं ठरलं. एकदा त्यानं तिथे तोंड उघडलं की जन्मठेप. मग देव जरी साक्षीला आला असता तरी उपयोग नव्हता.

त्याची बायको रोज ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसायची. त्या दिवशी मी जीपमध्ये चढत असताना ती पुढे आली.

"साहेब, तुम्ही त्याचे हात पाहा," ती म्हणाली. "पेला नाही तं हात हलते, अन् पेला तं माणूसच हलते. त्याच्या शर्टाच्या गुंड्या मलेच लावून द्या लागते. तो कायचं पोतं शिवते?"

"बाई, कोर्टात सांगा," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

घरी गेलो. जेवताना सौ.ला सांगितलं की प्रकरण सुटलं. नोकरीत मी तिला घरी फारसं काही सांगत नसे, पण विजयाची बातमी पोटात राहत नाही. ती वाढता वाढता ऐकत होती. फाटकाशी बसलेल्या बाईचं बोलणंही मी गंमत म्हणून सांगितलं.

सौ.चा हात थांबला. "मग पोतं कसं शिवलेलं होतं? वेडंवाकडं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला पंचनाम्यातली ओळ आठवली. टाके एकसारखे आहेत.

"अहो, मी कूलरच्या जाळीला दोन टाके घालायचे तर चारदा टोचून घेते," ती म्हणाली. "आणि तो माणूस स्वतःची गुंडी लावू शकत नाही. थांबा तुम्ही. आत्ता त्याला कोर्टात नेऊ नका."

मला तिचा राग आला. तपास मी करतो की तू, असंही म्हणालो. पण ताट अर्धं ठेवून उठलो.

सकाळी ठाण्यात गेलो तो थेट मुद्देमाल खोलीत. पोतं सीलबंद होतं. सील दोन पंचांसमोर काढलं, तशी डायरीला नोंद घेतली. रायटर हवालदारानं तोंडाकडची बाजू टेबलावर पसरली. मी पहिल्यांदा ती शिवण नीट पाहिली. बोटभर अंतरावर टाके. डावीकडून निघालेल्या टाक्यांचा कल एका बाजूला, उजवीकडून निघालेल्यांचा दुसऱ्या बाजूला. दोन्ही सुतळ्या बरोब्बर मध्ये येऊन भेटलेल्या आणि त्यांची एकच गाठ, चपटी, बोटालाही जेमतेम लागेल अशी. उरलेली टोकं आत सरकवलेली.

हवालदार म्हणाला, "साहेब, एका माणसानं शिवलं तं या टोकाकडून त्या टोकाकडे जाते. दोन्हीकडून काहून येईन? अन् हे अर्धे टाके डावखुऱ्या हाताचे दिसते."

"मग हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"लिहिलं होतं ना, साहेब," तो शांतपणे म्हणाला.

भाच्याला बाहेर आणून त्याच्या हातात दाभण आणि सुतळी दिली. दहा मिनिटं तो सुतळीचं टोक दाभणाच्या भोकाशी नेत होता आणि ते बाजूनं जात होतं. ओवता येईना तसा तो घाबरून माझ्याकडे पाहू लागला, जणू हाही त्याचाच गुन्हा. मी त्याला चहा द्यायला सांगितलं आणि हवालदाराला घेऊन वस्तीत गेलो. मिसिंगच्या कागदावर सही राहिली आहे, एवढं निमित्त पुरेसं होतं.

सकाळचे नऊ वाजले होते. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत नवरा-बायको समोरासमोर बसले होते आणि दोघांच्या मध्ये एक भरलेलं पोतं आडवं होतं.

"या साहेब, बसा," बाई म्हणाली. उठून पाणी दिलं आणि परत जागेवर बसली. "एवढं तोंड शिवून घेतो, हमाल येऊन राहिला."

मी खाटेवर बसलो. नवऱ्यानं त्याच्या टोकाकडून सुरुवात केली, तिनं तिच्या. तो उजव्या हातानं दाभण घालत होता, ती डाव्या. मी पाण्याचा पेला हातात धरून दोघांचे टाके मोजत होतो.

"त्यानं कबूल केलं का, साहेब?" नवऱ्यानं विचारलं. हात चालूच.

"करतो आहे."

"आईचा लय जीव होता त्याच्यावर," बाई म्हणाली. "माणूस कधी बदलन, सांगता येत नाही."

दोन्ही सुतळ्या एकमेकींकडे सरकत होत्या. ती तिची बाजू ताणून धरायची तेव्हा तो टाका घालायचा, तो ताणायचा तेव्हा ती. एकमेकांकडे पाहायची त्यांना गरज पडत नव्हती. मध्ये आल्यावर तिनं दोन्ही टोकं बोटात धरली, त्यानं एका झटक्यात गाठ मारली, मागावर तुटलेला धागा जोडतात तशी, आणि तिनं टोकं आत सारली. शेजारच्या अंगणातही पोती शिवली जात होती. तिथे प्रत्येक जण एकेकटा शिवत होता.

"तुम्ही दोघं मिळून एकच पोतं शिवता?" मी विचारलं.

बाई हसली. "लग्न झालं तवापासून असंच. वस्ती चिडवते आमाले, जोडीचं पोतं मनून. पण एकटीनं शिवलं तं तोंड वाकडं होते, साहेब."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो दाराबाहेर गेला आणि दोन पंच घेऊन आला.

ते पोतं आम्ही नमुना म्हणून पंचनाम्याखाली ताब्यात घेतलं आणि दोघांना चौकशीसाठी ठाण्यात आणलं. एक माझ्या खोलीत, एक महिला शिपायांच्या खोलीत, मध्ये लांब व्हरांडा. दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. दोघांनीही सांगितलं की दोन वाजता आई झोपली, चार वाजता चहा घेऊन गेलो तर खाट रिकामी होती, आणि चहात आलं टाकलं होतं. आलं दोघांच्याही जबाबात होतं, त्याच जागी.

इथे एक अनुभवाची गोष्ट सांगतो. खरं बोलणाऱ्या नवरा-बायकोचे जबाब कधीच तंतोतंत जुळत नाहीत. आमच्या लग्नात जेवणात बासुंदी होती की श्रीखंड, यावर आमचं अजून एकमत नाही. आल्यासकट जुळणारा जबाब पाठ केलेला असतो.

तासाभरानं मी महिला शिपाई आणि पंचांसमोर दोन्ही पोती त्या बाईपुढच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक नाल्यावरचं, एक तिच्या अंगणातलं. काही बोललो नाही. बोललो असतो तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि उत्तरं तिच्याकडे तयार होती.

तिनं नाल्यावरच्या पोत्याकडे पाहिलं. मग तिचा डावा हात आपोआप पुढे आला आणि तिच्या बाजूच्या टाक्यांवरून मध्यापर्यंत फिरत गेला. गाठीवर बोट थांबलं.

"जित्ती होती, साहेब," ती म्हणाली.

शवविच्छेदनाचा अंतिम अहवाल अजून यायचा होता आणि मी डोक्याच्या जखमेनंच मृत्यू झाला असं धरून चाललो होतो. ती पुढे बोलत गेली, हळू आवाजात, बोट न उचलता. त्या दुपारी म्हातारीनं सांगितलं की सोमवारपासून भाचा राहायला येतो आहे, तुम्ही दुसरीकडे खोली पाहा. घर आता त्याच्याच नावावर करीन. सहा वर्षांची सेवा, आणि हे फळ. बोलाचाली झाली. हिनं खांद्याला धरून हलवलं, म्हातारी मागे गेली आणि डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं. रक्त आलं. पण श्वास चालू होता, डोळे उघडे होते.

"म्या त्याच्याकडं पाहिलं," ती म्हणाली. "मले वाटलं, हा मनन, दवाखान्यात नेऊ. तो मायाकडं पाहून राहिला. कोणी काही बोललंच नाही."

मग नवऱ्यानं घडीचं एक पोतं उचलून म्हातारीच्या तोंडावर दाबलं आणि तिनं म्हातारीचे हात धरले. हेही कोणी कोणाला सांगावं लागलं नाही. गमछा खुंटीवर दिसला तो तिनं काढला. पोतं हातगाडीवर इतर पोत्यांच्या मधे घालून भर दुपारी नवऱ्यानं नाल्यापर्यंत ढकलत नेलं. त्या वस्तीत पोत्यांची गाडी पाहून कोण मान वळवणार? वळवायला रस्त्यावर कोणी नव्हतंही.

"तोंड दोघांनी का शिवलं?" मी विचारलं. "एकानं शिवलं असतं तर कदाचित मला कधीच कळलं नसतं."

तिला प्रश्नच समजला नाही. "मंग कसं शिवाचं, साहेब?" ती म्हणाली.

मी व्हरांडा ओलांडून माझ्या खोलीत गेलो. नवऱ्याला एवढंच सांगितलं की बायकोनं पोतं ओळखलं. तो मान खाली घालून बसला. मग बोलला, आणि त्याचं पहिलं वाक्य मी त्याच दिवशी डायरीत उतरवून ठेवलं.

"मले वाटलं होतं साहेब, ती मनन, रिक्षा आण. म्या आणली असती."

दोघांमध्ये लांब व्हरांडा होता आणि दाराशी शिपाई. हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं. ठाण्याबाहेर दोन मिनिटांवर रिक्षांचा थांबा होता, वस्तीच्या तोंडाशीही होता.

पुढचं काम रीतसर झालं. दाभण आणि तोंडावर दाबलेलं पोतं त्यानं दाखवलेल्या जागेवरून निवेदन पंचनाम्यानं हस्तगत केलं. ओट्याच्या फटीत रक्त मिळालं. दोन्ही शिवणी प्रयोगशाळेत गेल्या. खुनाच्या कलमाला चौतीस जोडलं, म्हणजे दोघांचा सामाईक इरादा. दोघांना जन्मठेप झाली. कोर्टात निकाल ऐकताना ते एकमेकांच्या शेजारी उभे होते आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. मिसिंगची तक्रार नोंदवायला आले तेव्हा त्यानं ठेवला होता, तस्साच.

मालिकेत अशा जोडप्यांत एक सैतान असतो आणि दुसरं त्याच्या नादी लागलेलं. असतीलही तशी. माझ्या पाहण्यात आलेलं जोडपं तसं नव्हतं. ती दोघंही साधी माणसं होती आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं, हे मी आजही म्हणतो. प्रत्येक घरात एकाचं डोकं फिरतं तेव्हा दुसऱ्यानं हात धरायचा असतो. संसार म्हणजे बराचसा हाच उद्योग. त्या घरात दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि दोघांनाही वाटलं की समोरच्याला हेच हवं आहे. एकट्यानं कदाचित दोघांपैकी कोणीच केलं नसतं.

मला हे कळलं त्याचं कारण माझी हुशारी नव्हती. त्याच आठवड्यात मीही एका माणसाला शिवून टाकायला निघालो होतो, आणि माझ्या घरात थांबा म्हणणारं माणूस होतं. ठाण्यात दुसरं होतं, पंचनाम्यात लिहून ठेवणारं. दोघांवरही मी डाफरलो होतो.

भाच्याला कोर्टाच्या आदेशानं सोडलं त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेलो. त्याची बायको पुढे झाली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या शर्टाच्या गुंड्या लावू लागली. मी म्हटलं, "माझी चूक झाली." साहेब लोकांना हे तीन शब्द फार जड जातात. त्यानं ते ऐकल्यासारखं दिसलं नाही. गुंड्या लावून होईपर्यंत तो माझ्याकडे पाहत होता.

"म्हंजे म्या नाही मारलं ना, साहेब? पक्कं?"

"नाही मारलं," मी म्हणालो.

त्यानं त्यानंतर दारू सोडली. आत्याच्या घरात राहतो, रंगकामाची चार कामं हाताशी असतात, हात आता स्थिर आहेत. त्याची आणि माझी वर्षा-दोन वर्षांत कुठेतरी गाठ पडते. मागच्या महिन्यात सदरच्या बाजारात रंगाचे डबे घेऊन उभा होता. मला पाहून डबे खाली ठेवले, हात जोडले, घरचं विचारलं, चहा घ्या म्हणाला. चहा संपला तशी इकडेतिकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला. काय विचारणार हे मला माहीत होतं. दर वेळी तो तेच विचारतो, कारण ती शंका त्याच्या डोक्यात मी घातली आणि काढायची कशी ते मला येत नाही.

"साहेब, म्या नव्हतोच ना?"

"नव्हतास," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

मग त्यानं डबे उचलले आणि कामावर गेला.